चित्र खरं, सही खोटी

माइन्झच्या सेंट स्टीफन चर्चमध्ये चित्रकार मार्क शागाल यांच्या रंगीत काचेच्या 9 खिडक्या आहेत. पहिली 1978 साली बसली, तेव्हा ते 91 वर्षांचे होते. जर्मनीत आल्यापासून मन थाऱ्यावर नसलं की मी त्या निळ्या उजेडात जाऊन बसते. म्हणूनच एका ऑनलाइन लिलावात त्यांचा फुलांचा गुच्छ दिसला आणि मी हरखून गेले. निळ्या अंधारात तरंगणारी फुलं, कोपऱ्यात एकमेकांना बिलगलेलं जोडपं. खाली लिहिलं होतं: मूळ लिथोग्राफ (म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून घेतलेला छाप), शिसपेन्सिलीने सही, 37/150 (म्हणजे 150 प्रतींतली 37वी), सोबत प्रमाणपत्र. शिवाय शागाल यांच्या लिथोग्राफची नोंद असलेल्या मूर्लो यांच्या सूचीतला क्रमांकही. फेर्नां मूर्लो म्हणजे पॅरिसचे छापखानेवाले, शागाल यांचे लिथोग्राफ त्यांच्याकडेच छापले जायचे. त्यांच्या सूचीत आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झाले.

2,200 युरोवर बोली माझ्या नावावर सुटली. वर 25 टक्के कमिशन. एकूण 2,750 युरो. अडीअडचणीसाठी बाजूला टाकलेले पैसे होते ते.

चित्र फ्रेमसकट आलं. मागे पुठ्ठा चिकटवलेला आणि त्यावर चिठ्ठी: फ्रेम उघडल्यास प्रमाणपत्र रद्द. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. पण सहा आठवडे मी ते रोज डोळे भरून पाहत राहिले.

काच बदलायची म्हणून फ्रेमवाल्याकडे नेलं. वयस्कर माणूस, हात अगदी हलका. त्यांनी पुठ्ठा सोडवला, कागद उजेडासमोर धरला आणि काही न बोलता मला जवळ बोलावलं. कागदाच्या बरोबर मध्यावर उभी घडी होती, इस्त्री करून दाबलेली. मागच्या बाजूला फ्रेंच मजकूर छापलेला. ‘हे मासिकाचं पान आहे,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन सूची उघडली. क्रमांक खरा होता, चित्रही तेच. फक्त नोंदीत स्पष्ट लिहिलं होतं की हे ‘देरिएर ल मिरवार’ या मासिकासाठी छापलेलं, सही नसलेलं पान आहे. पॅरिसची मॅग गॅलरी 1946 ते 1982 हे मासिक काढत असे, आणि त्यात अस्सल लिथोग्राफ असायचे. सहीविना असं पान फार स्वस्तात मिळतं. कुणीतरी ते कापून काढलं आणि खाली पेन्सिलीने सही व 37/150 लिहिलं. बाकी सगळं खरं असल्यामुळेच मी फसले. प्रमाणपत्र तर विक्रेत्याने स्वतःच छापलेलं होतं.

लिलावगृहाने हात झटकले. तक्रारीची मुदत 30 दिवसांची होती, माझे 43 झाले होते. मी पोलिसांत तक्रार दिली आहे, चित्र सध्या त्यांच्याकडे आहे. पैसे परत मिळतील असं वाटत नाही.

मागच्या आठवड्यात फ्रँकफर्टच्या आमच्या एका मराठी मैत्रिणीने अशाच एका गुच्छाची लिंक पाठवली: ‘घेऊ का गं?’ मी तिला सांगितलं, बोली लावायच्या आधी फ्रेमबाहेर काढलेल्या कागदाच्या मागच्या बाजूचे फोटो माग, आणि सूचीतली ती नोंद स्वतः उघडून वाच. तिने फोटो मागितले. विक्रेत्याचं अजून उत्तर आलेलं नाही.