रेडिएटरमधले बुडबुडे दाखवून हेड उतरवतात, सावध राहा

मे महिन्यातली दुपार. बीडहून संभाजीनगरकडं निघालेल्या दहा-पंधरा वर्षं जुन्या डिझेल जीपचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. रस्त्याकडेच्या शेडमधला मिस्त्री गोणपाट टाकून रेडिएटरचं झाकण सैल करतो. पाणी भसाभसा वर येतं, बुडबुडे दिसतात. "मालक, गॅस्केट गेलं. हेड उतरवावं लागंल." हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची पातळ सीलपट्टी. ती गेली की सिलिंडरातला गॅस पाण्यात शिरतो, म्हणून बुडबुडे दाखवतात. लेकरंबाळं उन्हात ताटकळलेली, मालक मान डोलावतो. संध्याकाळी गॅस्केट, फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), कूलंट आणि मजुरीचं बिल हातात पडतं. चार दिवसांनी मांजरसुंब्याच्या घाटात काटा परत वर.

गरम इंजिनातले ते बुडबुडे म्हणजे पुरावा नव्हेच. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर ०.९ असा आकडा कोरलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा तेवढ्या बार जादा दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. आत १०५ अंशांचं पाणी शांत असतं. झाकण सैल झालं की दाब जातो, उकळबिंदू शंभराच्याही थोडा खाली येतो आणि सगळं पाणी एकदम उसळतं. धडधाकट इंजिनावरही हाच देखावा होईल. हात-तोंड भाजतं ते वेगळंच.

खरी परीक्षा थंड इंजिनावर होते. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण सकाळी उघडा, पाणी काठोकाठ भरा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. पहिल्या दोन मिनिटांत, पाणी अजून कोमट असतानाच, एकसारखे बुडबुडे येत असतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर गॅस्केटचा संशय पक्का. झाकण लावून थंड गाडी सुरू केली आणि मिनिटभरात वरची नळी दगडासारखी कडक झाली, तर तेही तेच सांगतं. ऑईलच्या झाकणाखालची दुधट साय मात्र लगेच खरी धरू नका. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या वाफेनंही धरते. डिपस्टिकवरचं ऑईल दुधट आहे का, ते बघा.

बहुतेक वेळा दुखणं स्वस्तातलं असतं. उभ्या गाडीत तापते आणि पळताना उतरते, तर फॅन, त्याचा क्लच किंवा बेल्ट. पळताना, चढावर तापते, तर रेडिएटर चोंदलेलं. आपल्याकडं बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओततात, क्षार बसून नळ्या बुजतात. वरची नळी चटका देते आणि खालची बराच वेळ गारच, तर रेडिएटर चोंदलेलं किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा वॉल) अडकलेला असू शकतो. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्यानं लटकवा, बुडाला टेकू देऊ नका. अंगावर ८२ लिहिलं असेल तर त्या सुमारास तोंड उघडायला लागलं पाहिजे. "वॉल काढूनच टाकू, गाडी गार राहील" हा सल्ला ऐकू नका. बायपास असलेल्या इंजिनात मग गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत फिरतो, घाटात गाडी उलट जास्त तापते. हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त पितं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर आधी झाकणच बदला, सगळ्यात कमी खर्चाचं काम ते.

एवढं करूनही हेड उतरवायची पाळी आली, तर समोर उभे राहा. गेलेल्या गॅस्केटवर दोन सिलिंडरच्या मधे किंवा पाण्याच्या भोकाकडं बहुतेकदा जळाल्याची काळी वाट दिसते. फेसिंगच्या आधी हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) घालायला लावा. पट्टीखाली ०.०५ मिलिमीटरचं पातंही शिरत नसेल, तर फेसिंग कशाला? बऱ्याच डिझेल इंजिनांत गॅस्केट दोन-तीन जाडीत येतं, जाडी कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात, तेव्हा जुन्याशी जुळवून घ्या. बोल्ट टॉर्क पान्यानं (आवळायचा जोर मोजणारा पाना), मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळायचे. नुसत्या दांड्यानं आवळणाऱ्याकडं हेड पुन्हा उतरेल.

कूलंट तुमच्यासमोर सीलबंद डब्यातून, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून ओतायला सांगा. बोअरच्या पाण्यात थोडासा हिरवा रंग पडला तरी ते कूलंटसारखंच दिसतं. आणि जुनं गॅस्केट मागितल्यावर "भंगारवाला घेऊन गेला" असं उत्तर आलं, तर पैसे मोजण्याआधी बिलातली गॅस्केटची ओळ खोडायला लावा.