फिरतं बँडसॉ मशीन, आठ महिन्यांनंतर: बेल्ट किती कसायचा आणि कधी हात लावायचा नाही

दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडने ओंडके चिरणारं, पेट्रोल इंजिनाचं, रुळावर ढकलत न्यायचं हे मशीन आठ महिने इंदूरच्या सांवेर रोडच्या शेडमध्ये चाललं. चिरलं ते बहुतेक बाभूळ, कडुनिंब आणि आंबा. फळी सरळ निघते, जाडी शेवटपर्यंत सारखी राहते, त्याबद्दल तक्रार नाही. (मध्य प्रदेशात चिरकामाला 1984 चा काष्ठ चिरान अधिनियम आहे, मशीन आणण्याआधी वनविभागात विचारून घ्या.) लिहायचंय ते ड्राइव्ह बेल्टबद्दल, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या पट्ट्याबद्दल. ब्लेड अडलं की 'बेल्ट कस' हा सल्ला जो तो देतो, आणि बऱ्याचदा तोच मशीन बिघडवतो.

यात दोन व्ही-बेल्ट आहेत, दोन्ही बी सेक्शनचे, म्हणजे वरून 17 मिमी रुंद आणि 11 मिमी जाड. क्लचच्या पुलीवरून मोठ्या चाकावर येतो तो बी-73, दुसऱ्या चाकावर नुसता बसवलेला बी-57. आकडा म्हणजे आतली लांबी इंचांत. तुमच्या मशीनचा वेगळा असू शकतो, बेल्टच्या पाठीवर छापलेला वाचा. ब्लेड चाकाच्या लोखंडावर चालत नाही, या बेल्टच्या पाठीवर चालतं. त्यामुळे बेल्ट झिजून चाकाच्या कडेला समतल झाला की ब्लेड लोखंडाला घासतं आणि दातांचा सेट, म्हणजे त्यांना आलटून-पालटून दिलेला बाहेरचा कल, जातो. बोटाचं नख कडेवरून फिरवा: बेल्ट वर उठलेला लागला पाहिजे.

ताण मोजायचा तो क्लच पुली आणि चाक यांच्यामधल्या मोकळ्या भागावर. दर 100 मिमीला बेल्ट 1.6 मिमी दबावा, हा व्ही-बेल्टचा सर्वसाधारण नियम. इथे मोकळा भाग 40 सेंमी, म्हणजे मधोमध साधारण साडेसहा मिमी. अंगठ्याच्या अंदाजावर जाऊ नका, प्रत्येकाचा अंगठा वेगळा. सामान तोलायचा स्प्रिंग काटा बेल्टला अडकवून दोन-तीन किलोपर्यंत ओढा आणि बाजूला पट्टी धरून बेल्ट किती सरकला ते बघा.

कसण्याआधी इंजिन बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, हातात जाड मोजे. इंजिनाचे चारही बोल्ट अर्धा-पाऊण आटा सैल करा, पूर्ण नाही. मग इंजिन मागेपुढे सरकवणाऱ्या अॅडजस्टर बोल्टचा लॉकनट (बोल्ट जागेवर धरणारा नट) सोडून बोल्ट एका वेळी अर्धा आटाच फिरवा आणि दर वेळी मोजा. खरी गोची पुढे आहे. इंजिनाचे बोल्ट आवळताना बेल्टच्या ओढीने इंजिन तिरपं होतं आणि आत्ताच मोजलेला ताण बदलतो. म्हणून बोल्ट कोनाकोनी, थोडे थोडे आवळायचे. नंतर दोन्ही पुल्यांच्या तोंडावर दोरी ताणून त्या एका रेषेत आहेत का बघायचं आणि ताण पुन्हा मोजायचा. नवा बेल्ट पहिल्या अर्ध्या तासात सैलावतो, तेव्हा एकदा आणि साधारण 24 तास चालल्यावर पुन्हा तपासा. त्यानंतर आम्ही दर 25 तासांनी बघतो, बहुतेक वेळा हात लावावा लागत नाही.

आता घसरण्याबद्दल. कापताना इंजिनाचा आवाजही ब्लेडबरोबर खाली बसत असेल तर बेल्टचा काही दोष नाही. ब्लेड बोथट आहे किंवा तुम्ही घाईने ढकलताय. इंजिन तसंच गरगरतंय आणि ब्लेड मंदावतंय, तेव्हाच काहीतरी घसरतंय. बेल्ट की क्लच, ते गार्ड काढून कळतं: बेल्टच्या बाजू काचेसारख्या चकचकीत म्हणजे बेल्ट, क्लचचा ड्रम निळसर म्हणजे क्लच. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर बेल्ट तळाला टेकलाय. व्ही-बेल्ट बाजूंनीच पकडतो, तेव्हा कितीही कसला तरी घसरणारच; बेल्ट किंवा पुली बदला. चकचकीत झालेला बेल्ट कसून ताळ्यावर येत नाही. उलट जास्त ताणाचा भार क्लचच्या बुशवर आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. तासाभराच्या कामानंतर इंजिन बंद करून बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. ठेववत नसेल तर ताण जास्त आहे.

इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना ब्लेड हळूहळू फिरतं, ही दुसरी नेहमीची तक्रार. त्यासाठी बेल्ट सैल करणं म्हणजे पोटदुखीला डोक्याला बाम. आयडलचा वेग जास्त आहे, नाहीतर भुशाने क्लचचे शूज (ड्रमला आतून पकडणारे तुकडे) अडकलेत. आधी वेग कमी करा, मग क्लच उघडून साफ करा.

डिझेलचं एक सांगायलाच हवं. ब्लेडला चीक चिकटू नये म्हणून डिझेल टपकवायची आपल्याकडे सवय आहे. इथे तेच डिझेल रबरावर जातं, बेल्ट फुगतो, मऊ पडतो. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरतात. पावसाळ्यात ओला भुसा पुलीच्या खाचेत थापला जातो आणि बेल्ट उंच बसून आपोआप कसला जातो, मशीन थरथरतं. तेव्हा ताणाला हात लावण्याआधी खाच खरवडा. काम संपलं की ब्लेडचा ताण सोडा, हा बेल्टचा ताण नव्हे. तसंच ताणलेलं ठेवलं तर रात्रभरात बेल्टवर चपटे डाग पडतात आणि सकाळी ठक-ठक ऐकू येते.

मशीन बनवणाऱ्यांवर राग दोन गोष्टींचा. बेल्ट नुसता बघायलाही गार्डचे सहा बोल्ट काढावे लागतात, आणि अॅडजस्टरचा लॉकनट साधा दिलाय, थरथरीने सुटतो. नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) बसवला, प्रश्न मिटला. इंजिन सरकवायची खाच जेमतेम 25 मिमीची, तेवढं अंतर संपलं की बेल्ट बदलायची वेळ झाली. सियागंजात 'बी त्र्याहत्तर' म्हणून मागा, शक्यतो दातेरी (आतल्या बाजूला खाचा असलेला) घ्या, छोट्या पुलीवर तो कमी तापतो. चढवताना इंजिन पूर्ण पुढे आणा. स्क्रूड्रायव्हरने उचकटून चढवलात तर आतला दोरा तुटतो आणि ते बाहेरून दिसत नाही. बेल्ट बदलल्यावर ब्लेड चाकावर कुठे धावतंय तेही तपासा. जादाचा बेल्ट खिळ्याला नको, जाड खुंटीला टांगा, उन्हापासून दूर.