डीसीएसमधलं हॅरियर: सगळा खेळ डाव्या हाताचा

गेल्या पावसाळ्यापासून मी घरच्या सिम्युलेटरवर एकच विमान धरून बसलोय. डीसीएस वर्ल्ड या विमान उडवण्याच्या गेममधलं एव्ही-८बी नाइट अटॅक, म्हणजे अमेरिकन मरीनचं, हवेत जागच्या जागी थांबून सरळ खाली उतरणारं हॅरियर. इतक्या महिन्यांनी एवढं ठामपणे सांगतो: नॉझलसाठी, म्हणजे इंजिनाचा झोत सोडणाऱ्या फिरत्या तोंडांसाठी, वेगळा दांडा नसेल तर या विमानाच्या वाटेला जाऊ नका. ग्राफिक्स कार्ड, व्हीआर हे सगळं मागाहून. आधी दांडा.

हॅरियरचं पेगासस इंजिन एकच, पण झोत चार तोंडांतून. पुढच्या दोन नॉझलमधून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनमधून तापलेला झोत, आणि चारही एकदम फिरतात. ० अंशावर झोत सरळ मागे. ८२ अंशांवर होवरचा, म्हणजे हवेत जागच्या जागी तरंगण्याचा टप्पा, कारण होवरमध्ये नाक थोडं वर असतं आणि त्यामुळे झोत बरोबर खाली जातो. त्याच्याही पुढे ९८ अंशांपर्यंत गेलात की झोत किंचित पुढे वळतो आणि विमान हवेत ब्रेक मारतं. खऱ्या कॉकपिटमध्ये हा दांडा थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याच्या, शेजारीच असतो, दोन्ही एकाच डाव्या हाताने चालवायचे. कीबोर्डवर बटण दाबून नॉझल फिरतात खरे, पण आत्ता ते किती अंशांवर आहेत हे हाताला कळत नाही. आणि उतरताना ते बघायला नजर मोकळी नसते.

माझा दांडा कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाला. एका ओळखीच्या टर्नर मामांकडे कागदावर चित्र काढून नेलं. त्यांनी आधी विचारलं, "ह्याला जोर किती लागणार? कुठं कुठं थांबाय पायजे?" प्रश्न अगदी नेमका होता. पितळी बुश, लोखंडी पट्टी, आणि ८२ अंशांच्या जागी बोटाला जाणवेल असा एक ठोक. आत हॉल सेन्सर (चुंबकावरून, न घासता दांड्याची जागा ओळखणारा) आणि आर्डुइनो प्रो मायक्रो हा छोटा सर्किट बोर्ड बसवला, तो कॉम्प्युटरला साधा जॉयस्टिक म्हणून दिसतो. आधीच्या तयार थ्रॉटलचा छोटा स्लायडर काही आठवड्यांत थरथरायला लागला होता. हॉल सेन्सर अजून जागचा हललेला नाही.

आता पाण्याचं. सरळ खाली उतरताना इंजिन फार तापतं, म्हणून विमानात ५०० पौंड पाणी असतं. ते इंजिनात फवारलं की जास्तीचा जोर मिळतो, पण साधारण ९० सेकंदच. म्हणजे उतरण्याआधीच वजनाचा हिशेब व्हायला हवा: इंधन किती उरलंय, पंखाखाली काय लटकतंय, बाहेर हवा किती तापलीय. कॉकपिटमधल्या स्क्रीनवर व्हीरेस्ट नावाचं पान हा हिशेब करून देतं, तरी तो आधी डोक्यात करण्याची सवय लावा.

यासाठी माझा आवडता सराव नेवाडाच्या नकाशावर आहे. तिथला नेलिस हवाई तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर, आपली कोल्हापूरची उजळाईवाडीची धावपट्टी ६०० च्या आसपास. म्हणजे उंची जवळजवळ आपलीच. मिशन एडिटरमध्ये तापमान एप्रिलमधल्या कोल्हापूरच्या दुपारचं, ३८ अंश, ठेवायचं. तापलेली, विरळ हवा इंजिनाचा जोर कसा खाते ते लगेच समजतं. त्याच वजनाचं विमान १५ अंश तापमानात निवांत तरंगतं आणि इथे पाणी सुरू करूनही खाली खचायला लागतं. अशा वेळी ओढून-ताणून होवर करू नये. नॉझल थोडे मागे ठेवून पंखांचा आधार घेत कमी वेगाने धावपट्टीवर टेकवावं.

बाजूचा वारा मात्र हलक्यात घेऊ नका. वेग कमी असताना नाक वाऱ्यापासून एका बाजूला गेलं की इनटेकमध्ये (इंजिनात हवा घेणाऱ्या तोंडांत) शिरणारी हवाच नाक आणखी बाजूला ओढते, पाठोपाठ विमान कलंडायला लागतं, आणि पंखांच्या टोकांच्या छोट्या झोतांना ते सावरणं जमत नाही. खऱ्या हॅरियरमध्ये यात वैमानिक गेले आहेत. म्हणूनच काचेपुढे नाकावर ते इवलंसं वातदर्शक पातं असतं. ते सरळ ठेवायचं, पायाने. जॉयस्टिक पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं पातं) चालवण्यापेक्षा पेडल असतील तर फार बरं.

भारतीय नौदलाची सी हॅरियर १९८३ पासून गोव्याच्या हंसा तळावर होती, २०१६ च्या मे महिन्यात निवृत्त झाली. घाट उतरून गोव्याला जाणं झालं तर बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात एक उभं आहे. नॉझल आणि ते पातं जवळून बघा, मग सिम्युलेटरवर बसा. ३३ वर्षं आपली माणसं हे विमान विक्रांत आणि विराटच्या हलत्या डेकवर उतरवत होती. डीसीएसमध्ये डेक मिळतो तो तरावा या अमेरिकन जहाजाचा. सराव त्यावरही चांगला होतो, पण जहाजाच्या वेगाशी वेग जुळवून आडवं सरकत डेकवर येणं जमिनीवरचं होवर पक्कं झाल्यावरच करा.

हॅरियरच्या जागी आलेलं एफ-३५बी दुसऱ्या सिम्युलेटरवर उडवून पाहिलं. त्यात संगणकच सगळं सांभाळतो, हाताला फार काम उरत नाही. मला हॅरियरच भावतं.

शेवटी सेटिंगबद्दल. थ्रॉटल आणि नॉझल, दोन्ही अक्षांना कर्व्ह देऊ नका, सरळ रेषाच ठेवा, म्हणजे हात जेवढा हलेल तेवढाच परिणाम. पिच (नाक वर-खाली) आणि रोलला (बाजूला कलणं) थोडा कर्व्ह चालतो. आणि चाकं टेकली की थ्रॉटल लगेच पूर्ण मागे घ्या. जमिनीवर आपटून वर आलेली गरम हवा पुन्हा इंजिनात शिरली की जोर जातो, आणि अर्धवट तरंगणारं विमान उसळ्या घेत भलतीकडेच जातं.