सनकॅल्क आणि थ्री-जेएस: अगाशीवरचं ऊन मोजायला एकदम कामाचं

आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात, अगाशीवर सोलर लावायचं चाललंय. बघायला आलेला माणूस मे महिन्यात भर दुपारी आला आणि म्हणाला सगळीकडे ऊन आहे, कुठेही लावा. पण दक्षिणेची बिल्डिंग आमच्या अगाशीपेक्षा ९ मीटर उंच आहे आणि थंडीत आजी ऊन खायला खुर्ची सरकवत फिरते ते आम्ही रोज बघतो, म्हणून म्हटलं आपणच मोजू.

सनकॅल्क ही जावास्क्रिप्टची (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) छोटीशी, फुकट लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश दिले की सूर्य किती उंच नि कुठल्या दिशेला ते सांगते. २१ डिसेंबरला बडोद्यात सूर्य जास्तीत जास्त ४४ अंशांवर, तोही १२ ला नाही, १२:३५ च्या आसपास. म्हणजे त्या भिंतीची सावली भर दुपारीही ९ मीटरच्या वर, आणि मेमध्ये तीच भिंतीच्या पायाशी! झाडूचा दांडा उभा करून ताडून बघितलं, जुळलं.

एक लक्षात ठेवा, सनकॅल्कच्या १.९ व्हर्जनमध्ये दिशा उत्तरेपासून नाही, दक्षिणेपासून पश्चिमेकडे मोजलेली असते. तसं लिहिलेलंच आहे, मी वाचलं नव्हतं, दोन संध्याकाळी माझ्या मॉडेलमध्ये सावली उलटीच पडत होती.

थ्री-जेएस ही ब्राउझरमध्ये थ्री-डी चित्र उभं करणारी लायब्ररी, तिच्यात घर उभं केलं, स्लायडर फिरवला की सावली सरकते, फार सुंदर दिसतं. पण ती दिसणारी सावली मोजायला घेऊ नका, ते मुळात ५१२ बाय ५१२ पिक्सेलचं चित्र असतं (वाढवता येतं), कडा फाटतात. मोजायला रेकास्टर, म्हणजे एका ठिकाणाहून किरण सोडून तो कशाला अडतो ते सांगणारं थ्री-जेएसमधलंच साधन. मी अगाशीवर १,२०० ठिपके टाकले, प्रत्येकातून सूर्याकडे किरण, मधे भिंत आली तर सावली. ठिपका जरासा वर उचला नाहीतर किरण अगाशीलाच अडकतो. सकाळी ८ ते संध्याकाळी ५, दर १० मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ६६ हजार किरण, त्यासाठी थ्री-मेश-बीव्हीएच (किरणांचा हिशोब झटपट करणारी जोड-लायब्ररी) जोडाच, नाहीतर ब्राउझर बसून राहतो.

ढग, धूळ यात नाही, आणि शेजारचा कडुलिंब मी नुसता गोळा म्हणून टाकलाय. तरी डिसेंबरचं चित्र स्पष्ट आलं, उत्तरेच्या कठड्याजवळ ६ तास ऊन, भिंतीलगत तासभरही नाही. एका ओळीत जोडलेल्या पॅनलमधलं एक सावलीत गेलं तर बाकीच्यांचंही उत्पादन पडू शकतं, त्यामुळे कुठेही लावा हे चाललंच नसतं.

आता पॅनल उत्तरेला, आणि दक्षिणेची जागा आजीच्या पापड-कुरडयांना, त्यांना एप्रिल-मेचंच ऊन लागतं आणि तेव्हा तिथे भरपूर आहे.