ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदलल्यानंतरचे आठ महिने

नवे सेमी-मेटॅलिक (धातूचा अंश मिसळलेले) ब्रेक पॅड बसवून आणि ब्रेक ऑइल बदलून आता आठ महिने आणि सुमारे नऊ हजार किलोमीटर झाले आहेत. बदल करण्याचे कारण असे, की एक लांब घाट उतरताना एरवी अर्ध्यावर घट्ट लागणारे पेडल एकाएकी मऊ पडून जवळजवळ तळाला टेकले. दोन-तीनदा पंप केल्यावर थोडा दाब आला, गिअर उतरवला आणि गाडी कशीबशी उभी राहिली. अर्ध्या तासाने तेच पेडल जणू काही घडलेच नाही अशा थाटात पूर्ववत लागू लागले.

मी पॅडलाच दोष देऊन नवा जोड घेतला. पण मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडले, तेव्हा चार वर्षांचे ऑइल गडद तपकिरी झालेले दिसले. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. ताज्या डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर 155 अंशांचीच हमी उरते. उतारावर तापलेल्या कॅलिपरमध्ये (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) ते उकळले, की वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर पिस्टनपर्यंत पोहोचतच नाही. नुसते पॅड तापून निकामी होतात तेव्हा पेडल कडकच राहते, मात्र गाडी थांबत नाही. हा फरक मला तोवर ठाऊक नव्हता.

पॅडविषयी सांगायचे, तर डिस्कवर नीट बसेपर्यंतचे पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड बेताचीच होती, आणि ही सूचना खोक्यावर कुठेही नव्हती, याचा राग अजून आहे. त्यानंतर तोच घाट तीनदा उतरलो, अर्थात या वेळी खालच्या गिअरमध्ये, आणि पेडल एकदाही खचले नाही. झीजही माफक आहे: 11 मिलिमीटरचे अस्तर 8 वर आले आहे. चाकांवर काळी भुकटी मात्र आठवडाभरात साचते आणि गार सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकना किंचाळी येते. ऑइल बदलल्याची तारीख टाकीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवली आहे. दोन वर्षे झाली, की पॅड कितीही जाड असले तरी ऑइल पुन्हा बदलणार आहे.