कापसाच्या गावात प्लास्टिकचे लंगोट

दोन वर्षांपूर्वी मृगाचा पहिला पाऊस पडला आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, वावरातून हातात काहीतरी घेऊन आले. शिजलेल्या साबुदाण्यासारखा पांढरट, लिबलिबीत गोळा. "हे काय फुगून राहिलं बा आपल्या वावरात?" म्हणून त्यांनी तो ओसरीवर ठेवला. मी पाहिल्याबरोबर ओळखला आणि मान खाली घातली. थोरलीचे डायपर वर्षभर मागच्या उकिरड्यावर जात होते. कुत्र्यांनी ते ओढले, फाडले, आणि उन्हाळ्यात शेणखताबरोबर ते वावरात पसरले गेले. डायपरच्या आत जी पावडर असते, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, ती आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी पिऊन फुगते. पाऊस पडला, ती फुगली. आमच्या काळ्या मातीत सरकी टोबायच्या दिवसांत माझ्या लेकीचे डायपर उगवून आले म्हणा ना.

आमचं गाव राळेगाव तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. घंटागाडी शहरात फिरते, आमच्याकडे उकिरडा आणि नाली, एवढंच. म्हणून दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हाच ठरवलं की या लेकराला कापडी डायपरच. आणि नुसतं ठरवलं नाही, बचत गटाच्या बैठकीत उभं राहून सांगितलंही. पुढे जे झालं त्यात या सांगण्याचा मोठा हात आहे.

गेल्या दिवाळीत मुलगा झाला. सव्वा महिना झाल्यावर रात्री त्याला पाजता पाजता मोबाईलवर जाहिरात दिसली. पराटीत, म्हणजे कपाशीत, उभी असलेली बाई, हातात फुटलेलं बोंड, मागे सनई. 'विदर्भातल्या शेतकरी भगिनींनी शिवलेले, शंभर टक्के सेंद्रिय कापसाचे लंगोट. बाळाला मऊ, मातीला माफक.' बारा डायपर, आत घालायचे चोवीस पॅड. एक सेट 3,300 रुपये, आणि तीन सेट एकत्र घेतले तर प्रत्येकी 2,640.

आता तो व्हिडिओ पुन्हा पाहते तेव्हा पहिली गोष्ट दिसते ती ही, की त्या बाईनं ओटी बांधलेली नाही. कापूस वेचणारी बाई ओटी बांधल्याशिवाय वावरात उतरत नाही. वेचलेला कापूस ठेवणार कुठे, पर्समध्ये? हे मला, वेचणीच्या दिवसांत रोज पहाटे उठून मजुरांचा चहा करणाऱ्या बाईला दिसायला हवं होतं. नाही दिसलं. 'आपल्याच बायकांनी शिवलंय' एवढंच वाचलं आणि ऊर भरून आला.

दोन सेटला गिऱ्हाईक मीच शोधले. एक माझी चुलतजाऊ, तिला आठवा महिना होता. दुसरी गटातली मैत्रीण, तिची नात वर्षाची. दोघींनी मला रोख दिले आणि मी माझ्या खात्यातून 7,920 रुपये एका झटक्यात पाठवले. तेव्हा नुकताच कापसाचा चुकारा जमा झाला होता. घरी बॉक्स आल्यावर पैसे द्यायची सोय नव्हती. "ताई, ती सोय ठेवली तर आमच्या भगिनींची मजुरी अडकते," असं फोनवरच्या बाईनं सांगितलं. इतक्या चांगल्या कारणाला नाही कसं म्हणायचं?

अकराव्या दिवशी पार्सल आलं. रंग सुरेख, शिवण बरी. एका सेटमध्ये पॅड चोवीस नव्हते, बाराच होते. पाकिटावर हिरवं पान छापलेलं आणि 'ऑरगॅनिक' लिहिलेलं, पण बनवणाऱ्याचा पत्ता नाही. सेंद्रिय कापडाचं खरं प्रमाणपत्र असेल, उदाहरणार्थ जीओटीएस, तर चिन्हाजवळ तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असतो. नुसतं पान कोणीही छापतं.

पहिल्याच दिवशी लेकरानं शू केली आणि ती पॅडवरून अळवावरच्या पाण्यासारखी घरंगळून माझ्या मांडीवर आली. मी फोन केला. आणि इथे त्या बाईनं मला जे सांगितलं, ते खोटं नव्हतं. ती म्हणाली, "ताई, शुद्ध कापूस असाच असतो. त्यात नैसर्गिक मेण असतं. सहा-सात वेळा धुवा, मग पाणी प्यायला लागेल." अगदी खरं. सरकी काढलेला कच्चा कापूस पाण्यात टाका, तो तरंगतो, हे आमच्याकडे लेकरांनाही माहीत आहे. दवाखान्यातला कापूस पाणी शोषतो तो त्यातलं मेण काढून टाकलेलं असतं म्हणून. कापसाच्या कच्च्या लंगोटाला चार-सहा धुण्या लागतात हे खरे विकणारेही सांगतात. म्हणून मी विश्वास ठेवला.

डिसेंबरची थंडी, बोअरचं जड पाणी, जाडे पॅड. एकेक धुणं वाळायला दीड दिवस. सहा धुण्या व्हायला नऊ दिवस गेले. माल परत करायची मुदत सात दिवसांची होती.

म्हणजे तिनं मला खरी गोष्ट सांगून माझे सात दिवस खाल्ले. मला आजही वाटतं की खोटं बोलणाऱ्यापेक्षा हा प्रकार ओळखणं अवघड आहे.

दहाव्या दिवशी पॅड तसेच. लेकराच्या जांघेत लाल चट्टे. सासूबाई देवापुढे बसून फुलवाती करत होत्या, मी कुरकुरत होते. त्यांनी माझ्या हातातला पॅड घेतला, शिवण उसवली, आतले तंतू ओढले आणि सवयीनं तळहातावर वात वळायला घेतली. वळेना. बोटाला चिकटायचे, उलगडायचे. "कायचा कापूस व हा! ह्याची तं वातही वळत नाही." मग त्यांनी तो पुंजका समईच्या ज्योतीवर धरला. कापूस जळतो तेव्हा कागद जळल्यासारखा वास येतो आणि हातात मऊ राख उरते. हा जळला नाही, आक्रसला, वितळला, आणि टोकाला काळा कडक मणी झाला. वास प्लास्टिकच्या पिशवीचा. पॉलिस्टर.

नंतर वाचून कळलं की 'बांबू-कोळशाचे' म्हणून विकले जाणारे राखाडी पॅडही बहुतेक असेच, वर पॉलिस्टरचा फ्लीस आणि आत मायक्रोफायबर, म्हणजे प्लास्टिकच्याच अतिबारीक तंतूंचं कापड. मायक्रोफायबर पाणी झटकन ओढतं पण लेकरू बसलं की दाबून सोडूनही देतं. शिवाय ते उघडं कातडीला लागू देऊ नये, कातडी कोरडी पडते. एक गोष्ट मात्र त्या धंद्यातल्या प्रामाणिक माणसांच्या बाजूनं सांगते. बाहेरचं जे पाणी न गळणारं कव्हर असतं, ते बहुतेक जण पॉलिस्टरवर पॉलियुरेथेनचा थर देऊन करतात. त्यात फसवणूक नाही. आत काय आहे ते विचारलं की ते सरळ लिहून देतात. माझ्या पाकिटावर आतबाहेर सगळं 'कापूस' होतं.

कापसाच्या घरात, ढोल्यात सरकीसकट कापूस पडलेला असताना, मला कापूस ओळखायला दहा दिवस आणि सासू लागली. वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम. 1936 पासून तिथे सूत आणि खादी. आणि मी सुती लंगोट शोधले ते मध्यरात्री मोबाईलवर.

आता दुसरा भाग, जो मला लिहायला जास्त जड जातो.

पार्सलवाल्या बाईचा फोन लागेनासा झाला. बिलावर जीएसटी क्रमांक होता, तो जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला. तिथे कोणीही, लॉगिन न करता, तो पाहू शकतो. नोंदणी रद्द झालेली. हे पैसे भरायच्या आधी विचारून पाहिलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. ऑनलाईन विकणाऱ्यानं आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवलंच पाहिजे, तक्रारीची पोच 48 तासांत दिली पाहिजे आणि महिन्याभरात निकाल लावला पाहिजे, असा 2020 चा नियम आहे. त्या पानावर यातलं काहीच नव्हतं, आणि मी शोधलंही नव्हतं.

तर मी इंटरनेटवर त्या नावाचा ग्राहक सेवेचा क्रमांक शोधला. मिळाला. उचललाही लगेच. एक तरुण मुलगा, हिंदीमिश्रित मराठी, फार अदबशीर. किती पैसे अडकले ते मीच सांगितलं, 7,920. तो म्हणाला, "मॅडम, पूर्ण रिफंड मिळेल, आत्ताच," आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक क्यूआर पाठवला. दुसऱ्या मोबाईलवर उघडून स्कॅन केला तर स्क्रीनवर बरोबर 7,920. पिन टाका म्हणाला. आकडा माझाच होता, म्हणून शंका आली नाही. लेकरू खांद्यावर रडत होतं. मी पिन टाकला आणि 7,920 रुपये आणखी गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे मी गटातल्या बायकांना बँकेच्या शिबिरानंतर स्वतः समजावून सांगितलं होतं!

तो घाबरला नाही, उलट मलाच धीर द्यायला लागला. "मॅडम, सर्व्हरमुळे उलटं झालं. पुन्हा स्कॅन करा, आता दोन्ही मिळून 15,840 परत येतील." मी ते सुद्धा केलं. खात्यात अकरा हजारच उरले होते म्हणून व्यवहार झाला नाही. माझ्या अकलेनं नाही, शिल्लक कमी होती म्हणून वाचले.

दोन दिवस मी घरात कोणालाच सांगितलं नाही. हे दोन दिवस सगळ्यात महाग पडले. 1930 हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, पैसे गेल्यावर त्यावर जितक्या लवकर फोन कराल तितकी ते पुढच्या खात्यात अडकवून ठेवायची शक्यता जास्त. मी फोन केला तेव्हा पैसे त्या खात्यातून पुढे निघून गेले होते. तक्रार नोंदवली, बँकेत अर्ज दिला, तालुक्याच्या ठाण्यात जबाब दिला. ग्राहक हेल्पलाईन 1915 वर लंगोटांची वेगळी तक्रार केली, कारण ती फसवणूक वेगळी आणि ही वेगळी. दोन्ही लोक एकच होते की निराळे, ते मला माहीत नाही. व्यवहाराचा क्रमांक, स्क्रीनशॉट, बिल, पाकीट हे सगळं माझ्याकडे होतं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नव्हता, आणि बारा पॅड कमी आले हे त्याशिवाय सिद्ध कसं करायचं? आजपर्यंत एक रुपया परत आलेला नाही.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "कितीतरी क्विंटलची वेचणी झाली असती एवढ्यात." हिशेब बरोबर की चूक ते मी विचारलं नाही.

जास्त अवघड होतं ते जावेकडे आणि मैत्रिणीकडे जाणं. फसवणारा माझ्या घरी आला नव्हता, पण त्यांच्या घरी मी गेले होते, पर्यावरण सांगत. एकटीसाठी 3,300 आणि तिघींसाठी 2,640 ही किंमत का ठेवली होती ते तेव्हा उमगलं. त्यांना दलाल फुकट मिळाला, आणि तोही गावात मान असलेला. म्हणून तुमच्या ओळखीच्या ताईनं सांगितलं तरी आधी एकच डायपर मागवा. घरी आल्यावर पॅडची शिवण उसवून चार तंतू काडीवर जाळून पाहा, मग धुवायला घ्या. आधी धुवायला घेऊ नका.

लेकरू आता कापडातच आहे. सासूबाईंनी जुन्या सुती लुगड्यांचे पाच पदरी पॅड शिवले, वरून मांजरपाटाचा एक पदर. फसव्या डायपरची कव्हरं मात्र टाकली नाहीत. त्यांच्या खिशात हे पॅड घालते, गळत नाहीत. धुताना साबण कमी, कपडे मऊ करणारं ते सुगंधी पाणी अजिबात नाही, त्यानं कापड पाणी पीत नाही. पावसाळ्यात कसं वाळवायचं हा प्रश्न अजून समोर आहे. चुलीजवळ दोरी बांधायचं ठरलंय, धुराच्या वासाचं पाहू.

जावेचे पैसे मी फेडले. मैत्रीण घेत नाही. दर बैठकीला मी दोनशे रुपये पुढे करते, ती परत माझ्या पिशवीत टाकते. मागच्या महिन्यात म्हणाली, "तू का मुद्दाम केलं व? आन् ते पॅड वाया नाही गेले. आमच्या यायची मोटरसायकल पुसाले लय झकास आहेत. तुयाकडचे उरले असन तं दे."

दिले. बाराच्या बारा.