रंकाळ्याची फेरी की घरातला श्वास?

दुकान बंद करून घरी आलं तरी डोक्यातली उधारीची वही मिटत नाही. अशा वेळी मी दोन उपाय आलटून पालटून करतो.

पहिला म्हणजे कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याकाठी चालणं. ताणात शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं: छाती धडधडते, खांदे आखडतात. पाय चालले की त्या तयारीला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. संध्यामठाच्या बाजूनं शालिनी पॅलेसकडे बघत चाललं की तो अर्धा तास कळतही नाही. अडचण एकच, वाटेत ओळखीचे भेटतात आणि "काय भावा, धंदा कसा चाललाय?" म्हणत पुन्हा वही उघडतात. शिवाय भेळेची गाडी आहेच!

दुसरा उपाय बिनखर्चाचा. मिनिटाला साधारण सहा श्वास, आत घेण्यापेक्षा सोडणं लांब. श्वास सोडताना हृदयाची गती जराशी उतरते. पाच मिनिटं पुरतात, गिऱ्हाईक समोर असतानाही जमतं. पण रागानं डोकं तापलेलं असेल तर मला एका जागी बसवतच नाही. तेव्हा चप्पल घालून सरळ तळं गाठायचं.

रात्री झोप येत नसेल तर मात्र श्वासच बरा. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर दोन्ही सोडा नि डॉक्टरांना दाखवा.